कापसात गुंडाळलेलं घड्याळ

आज पानठेल्यावर एका पालकानं चारचौघांत विचारलं, "सर, हे भुताखेताचं कायले शिकवून राह्यले तुम्ही आमच्या पोट्टीले? तलाठ्याच्या पेपरात येते का ते?" सगळे हसले. खर्रा घोटणारा पोट्टाही हात थांबवून हसला. मीही हसलो. मग घरी आलो, जेवलो आणि आता राग येतोय. माझी उत्तरं नेहमी आंचवल्यावरच सुचतात.

तर दादा, पहिली गोष्ट ही की त्या कथेत भूत नाहीच. पोट्टीनं वाचली आहे, तुम्ही तिलाच विचारा. एडगर ॲलन पो नावाच्या अमेरिकन माणसानं १८४३ साली छापलेली 'द टेल-टेल हार्ट' ही चार-पाच पानांची कथा. एक माणूस आपल्याच घरातल्या म्हाताऱ्याला मारतो. पैशासाठी नाही, वैर म्हणून नाही. म्हाताऱ्याचा एक डोळा त्याला सहन होत नाही, एवढंच. प्रेत फळ्यांखाली लपवतो. पोलीस येतात तेव्हा बरोबर त्याच जागी खुर्ची टाकून गप्पा मारत बसतो. पोलिसांना काडीचा संशय नसतो. आणि तेवढ्यात त्याला आवाज यायला लागतो. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा.

ही उपमा माझी नाही, पोचीच आहे. दुसऱ्या गावी मास्तरला ती समजावून सांगावी लागत असेल. आमच्या वर्गात? भाव वाढेल म्हणून आढ्यापर्यंत कापूस भरलेल्या खोलीत झोपलेली पोरं आहेत ही. मागच्या बाकावरचा एक जण लगेच बोलला, "सर, कापसात मोबाईल राह्यला अन् वाजला, तं अस्साच वाजते." अठरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय (भूत एक वेळ दिसेल, मानधन दिसत नाही), पण वर्ग इतका गप्प झालेला फार वेळा पाहिला नाही.

मी स्वतः ही कथा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वाचली आणि त्या रात्री झोपलो नाही. कारण सातवीत असताना, पोळ्याच्या आठ दिवस आधी, आमचा बैल, चांद्या, मेला होता. बाबांनी त्याच्या गळ्यातली घाटी कोठ्यातल्या खुंटीला अडकवली. वारा नसला तरी रात्री मला ती ऐकू यायची. घरात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती.

म्हणून सांगतो, पोसारखे लेखक अजून शिकवले जातात ते घाबरवतात म्हणून नाही. घाबरवायला मोबाईल आहे की. ज्यानं केलं त्याच्या डोक्यात बसून यांनी लिहिलं, म्हणून शिकवले जातात. पंचनामा बाहेरून होतो. आत काय वाजतं ते पंचनाम्यात कुठं लिहितात?

आणि मेरी शेली. तिचं नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी जरा ऐका. १८१५ ला इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख जगाच्या आभाळात पसरली आणि १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. नुसता पाऊस, थंडी, पिकं गेली. एक हंगाम चुकला की काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या कुंद दिवसांत जिनिव्हाच्या सरोवराकाठी घरात अडकलेल्या चार-पाच जणांनी ठरवलं की प्रत्येकानं भुताची एक गोष्ट लिहायची. त्यातली ही अठरा वर्षांची पोरगी. आदल्या वर्षी तिचं तान्हं लेकरू गेलेलं. शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं, असं स्वप्न तिला पडलेलं. तिनं लिहिलेलं 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ ला छापून आलं. लोक अजून राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. चूक आहे. फ्रँकेन्स्टाइन तो बनवणारा, आपणच केलेलं पाहून पळून गेलेला. ज्याला केलं त्याला त्यानं नावसुद्धा दिलं नाही.

पळून गेलेला. हं.

चांद्या कोवळी ज्वारी खाऊन मेला. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती, ज्वारी गुडघ्याएवढीही झाली नव्हती. खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारी दावं सुटलं, बैल धुऱ्यावरून वावरात शिरला, संध्याकाळी तोंडाला फेस. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. पोळ्याला बाबा तोरणाखाली एकटा पवळ्या घेऊन उभे राहिले. लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होते आणि ते खाली पाहत होते.

मान्य करतो, पोच्या काही कथा भडक आहेत. माणूसही काही देवमाणूस नव्हता. दारू होती, तेरा वर्षांच्या आतेबहिणीशी लग्न केलं होतं. आणि तलाठ्याच्या पेपरात तो येणार नाही, हेही खरं. झालं समाधान? पण भयकथा लिहिणारे आपले नारायण धारप तालुक्याच्या वाचनालयात पानं सुटेपर्यंत वाचायचे, आणि वर्गात काळोखाचं नाव काढलं की पोरगी बिघडते म्हणायचं! पोरगी रात्री रडली म्हणे. रडू द्या ना! काय आठवलं म्हणून रडली, ते एकदा तरी विचारलं का?

मला कोणी विचारलं नव्हतं.

दावं सुटलं नव्हतं. मी सोडलं होतं. चांद्याच्या पाठीवर बसून नाल्यापर्यंत जायचं होतं, मग पोरं गोट्या खेळताना दिसली आणि मी त्याला तसाच सोडून गेलो. संध्याकाळी बाबांनी सालगड्याला विचारलं. तो म्हणाला, "मालक, म्या बांधला होता." तीनदा म्हणाला. मी दाराच्या आड उभा होतो. पाडव्याला ठरलेलं त्याचं साल भादव्यात मोडलं, बायकापोरं घेऊन तो गाव सोडून गेला. त्याचा पोरगा माझ्याच बाकावर बसायचा. गुरुजी दोन महिने हजेरीत त्याचं नाव पुकारत राहिले, आणि दर वेळी मी पाटीकडं पाहत राहिलो.

पो शिकवताना हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. घरातही नाही. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. पोस्ट सुरू केली तेव्हाही सांगणार नव्हतो, पानठेल्यावरच्या दादांना उत्तर द्यायचं होतं फक्त.

कोठ्यात आता बैल नाहीत, मोटारसायकल उभी असते. घाटी खुंटीलाच आहे.

भाचीबाई, तू आजीला माझ्या पोस्ट वाचून दाखवतेस ते माहीत आहे मला. ही दाखवू नको. सकाळी चहाच्या वेळी मीच सांगतो.