"कमी पडलं तर?"

मागे एका कॉन्फरन्सला गेले होते, विषय जीवनशैलीचे आजार. सकाळभर स्टेजवरून मीठ कमी करा, साखर कमी करा, तळलेलं टाळा, आणि जेवायच्या सुट्टीत हॉलचं दार उघडलं तर समोर हा भलामोठा बुफे. मला सवय आहे म्हणून मोजले, २७ पदार्थ! त्यातले नऊ तळलेले, पाच गोड, आणि पार टोकाला, उष्टी ताटं ठेवतात त्याच्या शेजारी, एक बिचारं 'हेल्दी काउंटर'. चिरून तीन तास झालेलं मलूल सॅलड. कोणी फिरकलंच नाही तिकडे. नंतर आयोजक म्हणतात, बघा मॅडम, आम्ही ठेवतो हो, लोकच खात नाहीत. अहो कसं खातील??

बोलायचा अधिकार आहे मला, कारण ऑफिसच्या ट्रेनिंगपासून दोन-तीनशे माणसांच्या कार्यक्रमापर्यंत जेवण ठरवायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे आणि या सगळ्या चुका मी स्वतः केल्यात. आता माझं मत पक्कं झालंय. जास्तीचा काउंटर लावून काहीही होत नाही, मेनू छाटायला लागतो. निम्म्याच्या खाली.

२७ पदार्थ असले की माणूस काय करतो? सगळ्यातलं थोडं थोडं घेतो. थोडं थोडं म्हणता म्हणता ताटात डोंगर होतो, सगळे रस एकमेकांत मिसळतात, मग ते खाववत नाही आणि निम्मं ताट कचऱ्याच्या डब्यात. आणि केटररला तरी कुठे माहीत असतं कुठला पदार्थ उचलला जाणार, म्हणून तो प्रत्येकच पदार्थ जास्तीचा करतो. त्यात आकड्यांची गंमत बघा. १५० लोकांनी येतो म्हणून कळवलेलं असतं, आपण घाबरून केटररला १७० सांगतो, तो त्यावर स्वतःचे दहा टक्के धरतो, त्याचा आचारी अजून एक पातेलं चढवतो, आणि प्रत्यक्षात येतात १२५. प्रत्येकाच्या मनात एकच, 'कमी पडलं तर?' उरलं तर कोणी नाव ठेवत नाही, संपलं तर वर्षानुवर्षं ऐकवतात. सगळ्या नासाडीचं मूळ या भीतीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा रिपोर्ट आहे. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं, आणि २८ टक्के हॉटेलं, कॅन्टीन, केटरिंग वगैरेंचं. म्हणजे घरंच जास्त दोषी की, असं वाटेल, पण आपण बहुतेक जेवणं घरीच जेवतो ना, मग बाहेरच्या मोजक्या जेवणांचा वाटा २८ टक्के म्हणजे बघा.

बरं, लोकांना भाषण देऊन काही बदलत नाही हेही अनुभवाने कळलं. ताटात टाकू नका असे बोर्ड लावून बघितले, लोक त्या बोर्डाखालीच टाकतात. मांडणी बदलली की मात्र फरक पडतो. नॉर्वेत हॉटेलांच्या बुफेत ताटांचा आकार लहान केला तर वाया जाणारं अन्न साधारण २० टक्क्यांनी कमी झालं, कोणाला काही न सांगता! आणि माझा सगळ्यात लाडका प्रयोग डेन्मार्कचा. तिथे कॉन्फरन्सच्या नोंदणीत नेहमी मांसाहारी जेवण गृहीत धरलेलं असायचं आणि शाकाहारी हवं तर कळवा. संशोधकांनी उलटं केलं, शाकाहारी गृहीत, मांसाहारी हवं त्याने कळवा. जे शाकाहारी घेणारे शंभरात दोन ते बारा असायचे ते ८५ च्या वर गेले. बंदी कोणावर नाही, एका फॉर्मवरची एक ओळ बदलली फक्त. (मी मांसाहारी आहे, कोणी अंगावर येऊ नका 😄 पण गायीगुरं नि मेंढ्यांच्या मांसाचा हवामानावरचा बोजा डाळी-कडधान्यांच्या कितीतरी पट आहे, यात वाद नाही.)

डिस्पोजेबलचं एक सांगते. 'कंपोस्टेबल' लिहिलेले प्लॅस्टिकसारखे ग्लास घेऊन खूश होऊ नका. त्यातले बरेचसे मक्याबिक्यापासून केलेले असतात हे खरं, पण ते कुजायला मोठ्या कंपोस्ट प्लांटमधली साठेक अंशांची उष्णता लागते, कचऱ्याच्या ढिगात ते तसेच पडून राहतात. धुवायची ताटं आणि पाण्याचे जग, विषय संपला.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. बुफेच्या एका जेवणात त्यातलं बरंचसं संपत असणार. केटररला आधी सांगितलं तर तो कमी घालतो हो, आपण विचारतच नाही.

'उरलेलं वाटून टाकू' ही तर आपली आवडती पळवाट. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवायचं नसतं, गरम हवं तर ६० अंशांच्या वर, गार हवं तर ५ च्या खाली. टेबलावर तीन तास उघडं पडलेलं, पन्नास जणांनी डाव फिरवलेलं अन्न दुसऱ्याला देणं म्हणजे आपली चूक त्याच्या पोटात ढकलणं. देता येतं ते आत स्वयंपाकघरात गरम राहिलेलं, ज्याला हात लागलेला नाही ते. म्हणून ट्रे छोटे भरा, संपेल तसे आतून आणा.

मागच्या महिन्यात १४० जणांचा कार्यक्रम होता. सहाच पदार्थ ठरवले, सॅलड सगळ्यात पुढे, लहान ताटं, आकडा जो आला तोच सांगितला, वर एकही वाढवला नाही. केटरर इतका अस्वस्थ की म्हणाला मॅडम, कमी पडलं तर आमची जबाबदारी नाही असं लेखी द्या. दिलं लेखी. पोटात गोळा होता खरं सांगायचं तर, दोन वेळा आत जाऊन पातेली बघून आले. सव्वादोनला एक भाजी संपली. तिघांनी येऊन विचारलं, संपली का? म्हटलं हो. मग त्यांनी दुसरी घेतली.