लॉबीतलं मार्बल आणि स्टेशनपासूनची पंधरा मिनिटं

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालूय, ऑफिसांची जागा म्हणून मुंबईचं जुनं नरिमन पॉइंट संपलं की नाही. झालं असं की ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, आणि ग्रुपमधला एकजण कमर्शियल ब्रोकर आहे, तो तेव्हापासून उठसूट पीडीएफ टाकतो. बीकेसीतली, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समधली काचेची बिल्डिंग, उंचच्या उंच लॉबी, इटालियन मार्बल. बाकीचे माना डोलावतात, की आता कंपन्या असल्याच ठिकाणी जाणार, त्या जुन्या खुराड्यांत कोण बसतंय.

मी लंडनमध्ये बसून वाचते आणि मला आमची ऑफिस मॅनेजर आठवते. दोन वर्षांपूर्वी आमचं लीज संपत आलेलं, साठेक माणसांची कंपनी, जागा बघायला तिच्याबरोबर मला पाठवायचे. रिटायरमेंटला आलेली बाई, एजंट खिडकीतून थेम्स दाखवायला लागला की ही उलट्या दिशेला, थेट टॉयलेटमध्ये. किती आहेत मोजणार, फ्लश करून बघणार, पर्स अडकवायला हूक आहे का ते बघणार. आणि जागा आवडलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला कुणाला न सांगता येऊन लिफ्टसमोर घड्याळ बघत उभी. एक अप्रतिम जागा तिने याच एका गोष्टीवरून बाद केली, चारातली एक लिफ्ट बंद आणि सहाव्या मजल्यावर पोचायला सात मिनिटं. एजंट म्हणाला दुरुस्ती चालूय, ही म्हणाली बरं, झाली की कळवा.

तेव्हा मला हसू आलं होतं, आता वाटतं तिचंच बरोबर होतं, कारण सही करणारा साहेब लॉबी एकदाच बघतो, लिफ्टची रांग बाकीच्यांच्या नशिबी रोज.

आणि बिल्डिंग गेटपाशी सुरू होत नाही हो, स्टेशनपाशी होते. लोअर परळ-परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यात माणसं आली, स्टेशनचे जिने मात्र होते तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या पुलावरून मी तीन वर्षं ऑफिसला गेलेय, आमच्या ऑफिसात तेव्हा कॉफीची दोन मशीन होती आणि बीन बॅग होत्या, त्याचे फोटोही मी फेसबुकवर टाकलेले. बीकेसीचंही वर्षानुवर्षं तेच, वांद्र्याला उतरायचं आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, मेट्रो आत्ता आली.

इकडे एचएसबीसी बँकेने २०२३ मध्ये जाहीर केलं की कॅनरी व्हार्फ या लंडनच्या टॉवरवाल्या ऑफिस-भागातल्या ४५ मजली टॉवरमधून मुख्यालय सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळ हलवणार. नवा टॉवर नव्हे हं, १९८० च्या दशकातली बीटी या टेलिफोन कंपनीची जुनी बिल्डिंग, आतून नव्याने बांधून घेतलेली. आणि सोडतायत तो टॉवर २००२ चा! म्हणजे जुनी म्हणून बिल्डिंग संपत नाही, तिच्यात कुणी पैसे घातले नाहीत तर संपते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून एनर्जी रेटिंग (वीज-उष्णता किती वाया जाते त्याची ए ते जी श्रेणी) ई च्या खाली असलेली कमर्शियल जागा, काही अपवाद सोडले तर, भाड्याने ठेवताच येत नाही, त्यामुळे मालकाला खिडक्या-एसीकडे बघावंच लागतं. नरिमन पॉइंटच्या कित्येक बिल्डिंगांमध्ये प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा, मग लिफ्ट बदलायची तर मीटिंगवर मीटिंग. मला विचाराल तर खरं दुखणं ते आहे, वय नाही.

इकडे सगळं छान असं मात्र समजू नका. लंडनमध्ये भाडं निदान आत वापरायला मिळते त्या जागेवर लागतं, पण वर सर्व्हिस चार्ज (बिल्डिंगच्या देखभालीचा खर्च) आणि बिझनेस रेट्स (कमर्शियल जागेवरचा कर) येतात तेव्हा डोळे पांढरे होतात. आणि आम्ही शेवटी घेतलेल्या जागेत काचा इतक्या, की दुपारी ऊन स्क्रीनवर येतं म्हणून सगळे पडदे पाडलेले, ट्यूबलाइट लावून बसतो.

मुंबईत उलट, भाडं चार्जेबल एरियावर, म्हणजे जिने, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा त्यात धरलेला. पीडीएफमधल्या त्या मार्बलचं भाडं आपणच भरतो हे मी ग्रुपवर लिहिलं तर दोघांनी थम्स अप दिला आणि ब्रोकर गप्प.

मग मी त्याला सरळ विचारलं, अरे ते सगळं राहू दे, तुझ्या बिल्डिंगमध्ये स्टेशनच्या बाहेर पडल्यापासून डेस्कवर बसेपर्यंत किती मिनिटं लागतात?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'पावसाळ्यात की एरवी?'