वेगळी चूल आणि सुनेवरचा आरोप

वडोद्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: पूर्वी घराघरांत तीन पिढ्या एकत्र नांदत, शिकलेल्या सुनांनी ती घरे मोडली, आणि चूल वेगळी झाली की नातेही तुटले. यातील एकही विधान तपासणीला टिकत नाही.

पहिले विधान इतिहासाविषयी आहे. याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम. एन. श्रीनिवास यांच्या हाताखाली शिकलेले समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी खेडा जिल्ह्यातील एका गावाच्या १८२५ सालच्या घरवार, म्हणजे घरनिहाय, नोंदी अभ्यासल्या, तेव्हा त्या काळीही आईवडील व अविवाहित मुले एवढ्याच माणसांची लहान घरे त्यांना मोठ्या प्रमाणावर आढळली. कारण उघड आहे. १९५१च्या सुमारासही भारतातील सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा असला, तरी प्रौढांनाही साथी आणि बाळंतपणे सोडत नव्हती, त्यामुळे नातवाचे लग्न पाहणारे आजोबा थोडेच असत. एकत्र कुटुंब टिकवणे मुख्यतः जमीन, वतन किंवा पिढीजात व्यवसाय असलेल्यांना शक्य होते, आणि आपल्या आठवणीत राहिले ते त्यांचेच वाडे.

दुसरा आरोप मला विशेष अन्यायाचा वाटतो. १९६५ साली वडोद्याजवळ गुजरात रिफायनरी सुरू झाली, पाठोपाठ खत आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले, आणि शहरातल्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मुलगा नोकरीबरोबर मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. नोकरी त्याची होती. घर मोडल्याचा ठपका मात्र त्याच्या बायकोवर आला.

नाते तुटते म्हणावे, तर चार ठिकाणी राहणारे भाऊ आजही गौरी-गणपतीला थोरल्याच्या घरी जमतात, आजारपणात रात्रीची पाळी वाटून घेतात आणि पुतण्याच्या फीला हातभार लावतात. शाह यांनीही एका छताखालचे घर आणि नात्यांनी बांधलेले कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या होत्या.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे हाल खरे आहेत आणि संदेशामागील त्यांच्याविषयीची कळकळ मी नाकारत नाही. परंतु आईवडिलांच्या निर्वाहासाठी केलेल्या २००७च्या कायद्याने ही जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवरही टाकली आहे, मग ती त्यांच्याजवळ राहोत वा दूर. त्यातील ‘अपत्य’ या व्याख्येत सुनेचा उल्लेखही नाही.