जस्ट अ लिटल डिस्कम्फर्ट

आमच्या डेंटिस्ट मॅडमच्या डिक्शनरीत दुखणं हा शब्दच नाहीये. एरवी मॅडमचं मराठी एकदम खणखणीत, रिसेप्शनवरच्या मुलीला "अगं तो एक्सरे कुठे ठेवलास" वगैरे मराठीतच चालू असतं, पण मी रूट कॅनलसाठी खुर्चीत आडवा झालो आणि त्यांनी ग्लोव्ह्ज चढवले की लगेच इंग्रजी सुरू. इंजेक्शन म्हणजे 'स्मॉल प्रिक'. ती सुई हिरडीत शिरून पार कानापर्यंत जाऊन आल्यासारखं वाटतं ते 'लिटल प्रेशर'. आणि मधेच अख्खा माणूस खुर्चीवरून चार बोटं वर उचलला जातो ते 'माइल्ड डिस्कम्फर्ट'.

"काका, डिस्कम्फर्ट होतंय का?"

तोंडात रबराचा पडदा, दाढेला क्लॅम्प, कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. मी म्हणतो "आँ". त्या म्हणतात "गुड".

आता डिस्कम्फर्ट म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसला की होतं ते. दाढेचं छप्पर उडवून आतली नस कानशीने खरवडून काढतात त्याला हा शब्द पुरत नाही हो. खालच्या दाढेत बहुतेक वेळा तीन कॅनल, म्हणजे नसेच्या नळ्या, असतात, माझ्यात चौथा सापडला, तर मॅडम खुश होऊन असिस्टंटला म्हणाल्या, "व्हेरी इंटरेस्टिंग!" हा शब्द तर सगळ्यात घातक. डॉक्टर, वकील आणि गाडीचा मेकॅनिक यांच्यापैकी कोणीही इंटरेस्टिंग म्हणालं की आपण आधी खिसा चाचपायचा.

त्याच संध्याकाळी ऑफिसचा कॉल, समोर अमेरिकेतले क्लायंट. माझा अर्धा चेहरा अजून बधिर, चहा पिताना निम्मा शर्टावर, म्हणून कॅमेरा बंद ठेवून बसलेलो. तर तिकडचा एक साहेब म्हणतो, लीगलकडून अप्रूव्हल मिळवणं म्हणजे लाइक पुलिंग टीथ. लगेच दुसरा, त्या ऑडिटला बसण्यापेक्षा आय वुड रादर हॅव अ रूट कॅनल. सगळे हसले. मी म्यूटवर होतो ते बरं, कारण मला "घे ना मग, नंबर देतो" असं म्हणायचं होतं आणि त्या तोंडाने ते म्हणताही आलं नसतं.

म्हणजे गंमत बघा, ज्याची खरोखर दाढ कोरली जातेय त्याला लिटल डिस्कम्फर्ट, आणि ज्याला दोन सह्या मिळवायच्यात त्याला रूट कॅनल! तिकडच्या राजकारणातसुद्धा कर वाढवा, खर्च कापा असं कोणी म्हणालं की विरोधक त्याला रूट कॅनल इकॉनॉमिक्स म्हणायचे. मोठे शब्द सगळे आधीच ऑफिसवाल्यांनी आणि पुढाऱ्यांनी उचलून नेलेत, पेशंटसाठी उरतं काय, तर माइल्ड आणि लिटल.

बरं, ही दातांची हौस त्यांची जुनी आहे. थोडक्यात वाचलो म्हणायचं तर बाय द स्किन ऑफ माय टीथ, ते थेट बायबलातल्या ईयोबाच्या तोंडून आलंय. बिचाऱ्याची मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं गेलं, उरली फक्त दातांची कातडी, आणि दाताला कातडी कुठे असते! त्या माणसाला मात्र माझा पूर्ण पाठिंबा, त्याने ओरडायची ती तक्रार व्यवस्थित ओरडून केली.

आणि ते बाइट द बुलेट, म्हणजे दुखणं निमूट सोसायचं. फ्रान्सिस ग्रोसने लंडनच्या रांगड्या बोलीचा कोश केला होता, त्याच्या 1796च्या आवृत्तीत आहे की फटके खाताना जो शिपाई ओरडतो त्याला नाइटिंगेल, म्हणजे गाणारा पक्षी, म्हणायचे, आणि तसं नाव पडू नये म्हणून काही पलटणींतले लोक तोंडात गोळी धरून चावायचे. पुढे आपल्या मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखक किपलिंगने 1891च्या कादंबरीत गोळीवर दात रोव, पण घाबरलास हे त्यांना कळू देऊ नकोस अशा अर्थाचं वाक्य घातलं. गोळी शिशाची होती म्हणून ठीक, नाहीतर फटके संपल्यावर त्या शिपायाला दाताच्या डॉक्टरकडेच न्यावं लागलं असतं, आणि ते तर फटक्यांपेक्षा वाईट, कारण तेव्हा भूल नव्हती. ईथर देऊन ऑपरेशनचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते 16 ऑक्टोबर 1846ला बोस्टनमध्ये, आणि ईथर देणारा मॉर्टन डेंटिस्टच होता. इतरांच्या किंचाळ्या रोज एवढ्या जवळून ऐकणारा माणूसच असलं काही शोधायच्या मागे लागणार, दुसरं कोण.

आमच्या आईला हे काही सांगायला गेलो तर ती म्हणाली, "लवंग ठेव आणि गप्प बस." तिची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी "आजी, दुखणार आहे, माझा हात धरू नका" एवढंच सांगितलं होतं. दुखलं. तिने हात धरला. दोघांचंही काही बिघडलं नाही.

शेवटी माझ्या चारही कॅनलमध्ये गटापर्चा भरला. हा मलायाकडच्या झाडाचा चीक, 1870 साली मुंबई एडनमार्गे सुएझला जोडली गेली त्या समुद्राखालच्या तारेवरही हाच गुंडाळला होता. मॅडमनी सांगितलं असतं तर मी जरा अभिमानाने पडून राहिलो असतो, पण त्या तोवर कॅपच्या 'ऑप्शन्स'वर पोचल्या होत्या. मेटल, सिरॅमिक, झिर्कोनिया. झिर्कोनियाचा आकडा ऐकून मी उठून बसलो तर म्हणाल्या, "काका, खर्च म्हणून नका बघू, इन्व्हेस्टमेंट आहे." एफडी मोडून दातात इन्व्हेस्टमेंट!

मेटलची सांगितली आणि निघालो, तर दारात परत हाक, बाजूच्या दाढेवर एक छोटासा शॅडो आहे, काही नाही, आपण जस्ट वॉच ठेवू या. वॉचची अपॉइंटमेंट मंगळवारी सकाळी अकराची मिळालीये, भरपूर नाश्ता करून या म्हणाल्या, नंतर थोडा वेळ खाता येणार नाही.