दोन सेकंदात कुठलंही वर्गमूळ? मग 7386 चं काढून दाखवा

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं की वेदातल्या एका सूत्राने कुठल्याही संख्येचं वर्गमूळ 2 सेकंदात निघतं, शाळेत हे मुद्दाम शिकवत नाहीत, नासावाले हेच वापरतात, तेव्हा मुलांना पाढे घोकायला लावू नका. खाली 7396 चं उदाहरण. एकेक करून बघू.

"कुठल्याही संख्येचं" : अजिबात नाही. रीत अशी आहे, शेवटचे दोन अंक बाजूला ठेवायचे, उरले 73, त्यात बसणारा मोठ्यात मोठा वर्ग 64, म्हणून दशकाला 8. शेवटी 6 आहे म्हणजे एककाला 4 नाहीतर 6. म्हणजे 84 की 86? मधल्या 85 चा वर्ग 7225, आपली संख्या त्याहून मोठी, म्हणून 86. छान, बरोबर. आता हेच सगळं 7386 ला लावा. परत 86 च येतं की! कारण ही रीत संख्या पूर्ण वर्ग आहे असं धरूनच चालते, आणि 1000 ते 9999 या 9000 संख्यांत पूर्ण वर्ग आहेत फक्त 68. स्पर्धा परीक्षेत ती चालते कारण पेपर काढणाऱ्याने बहुतेक वेळा पूर्ण वर्गच दिलेला असतो, तिथे जरूर वापरा. बाकी ठिकाणी असं करा: 7386 हे 86 च्या वर्गापेक्षा 10 ने कमी, त्या 10 ला 86 च्या दुपटीने म्हणजे 172 ने भागलं की साधारण 0.058, ते 86 मधून वजा, 85.942. तोंडी जमतं, पण 2 सेकंदात नाही हो.

"वेदातलं सूत्र" : ही सूत्रं ज्या 'वैदिक गणित' पुस्तकातून आली ते पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं, 1965 साली छापलेलं, ते गेल्यावर पाच वर्षांनी. सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली म्हणून सांगतात, पण आजवर माहीत असलेल्या परिशिष्टांत ती नाहीत हे त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत संपादकांनीच लिहून ठेवलंय. फॉरवर्ड करणाऱ्याने पुस्तक उघडलं असतं तरी कळलं असतं. बरं, अभिमानच बाळगायचा तर खरी जागा आहे ना, बौधायन शुल्बसूत्रात 2 चं वर्गमूळ 577/408 इतकं दिलंय, पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर, यज्ञवेदीच्या मापांसाठी. आणि लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमारास, भास्कराचार्यांनी वर्गाची सोपी रीत सांगितलीये: संख्येत एक सोयीचा आकडा मिळवा, तोच वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा, वर त्या आकड्याचा वर्ग मिळवा. 47 साठी 3 घ्या, 50 गुणिले 44 म्हणजे 2200, अधिक 9, झाले 2209. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्याचा मेसेज मात्र कुणी पाठवत नाही.

"नासा" : कुठे, कशासाठी, काहीच लिहिलेलं नाही. पुढे.

"शाळेत लपवतात" : सातवी-आठवीची विस्तारसूत्रं काय आहेत मग? 65 चा वर्ग, 6 गुणिले 7 बेचाळीस, पुढे 25, 4225, हे (अ + ब) च्या वर्गातूनच येतं, दोन ओळीत सिद्ध होतं. शाळेवर तक्रार करायचीच तर अशी करा की सूत्र शिकवतात पण ते तोंडी हिशोबात वापरून दाखवत नाहीत, ते मला शंभर टक्के मान्य.

"पाढे नकोत" : हा सगळ्यात वाईट सल्ला. 88 चा वर्ग बघा. शंभराला 12 कमी, 88 मधून आणखी 12 काढले, 76, पुढे 12 चा वर्ग 144, त्यातला 1 हातचा, 7744. आता 12 चा वर्ग 144 हे तोंडावर नसेल तर पोरगं तिथेच अडकलं ना. उलट 25 पर्यंतचे वर्ग पाठ असले की 26 ते 75 ला 50 चा आधार घ्यायचा, 76 पासून पुढे 100 चा, शंभरपर्यंत सगळं उरकतं. 63 हवाय? 50 हून 13 जास्त, 50 चा वर्ग 2500 म्हणून 25 धरा, 25 अधिक 13 अडतीस, पुढे 13 चा वर्ग 169, एक हातचा, 3969.