न्यूयॉर्कच्या विमानाला पृथ्वी आडवी येत नाही

सुट्ट्या जवळ आल्या, अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेल्या आई-बाबांची तिकिटं झाली, की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. म्हणणं असं: मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना 16 तास लागतात आणि येताना 14च, कारण जाताना विमान पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट उडतं. वर पुरवणी: पायलट समुद्र टाळायला सरळ रस्ता सोडतात आणि उत्तरेकडून लांबचा वळसा घेतात. तास साधारण बरोबर आहेत. बाकी सगळा आनंद आहे.

आधी पृथ्वी. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर ताशी सुमारे 1,580 किलोमीटरने. विमान ताशी 900च्या आसपास. मेसेजचं गणित खरं धरलं तर पश्चिमेला निघाल्यावर न्यूयॉर्कच आपल्याकडे धावत यायला हवं, म्हणजे जाणं झटपट व्हायला हवं. आणि येताना मुंबई विमानापेक्षा जोरात पुढे पळणार, आई-बाबा घरी पोहोचणारच नाहीत! म्हणजे तर्क चुकलाच, वर उलट्या बाजूने चुकला. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या लोकलमध्ये पुढे चाला की मागे, डबा पार करायला तेवढीच पावलं लागतात.

मग ते दोन तास जातात कुठे? वाऱ्यात. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात तो ताशी 200-300 किलोमीटरही गाठतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर 'ग्राउंड स्पीड', म्हणजे जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग, बघा: येताना आकडा हजाराच्या वर सरकलेला दिसतो, जाताना आठशेच्या घरात रेंगाळतो. फेब्रुवारी 2024 मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका विमानाने या वाऱ्यावर स्वार होऊन जमिनीच्या हिशेबाने ताशी जवळपास 1,290 किलोमीटर गाठले होते. (हे वारे पूर्वेकडे वळतात त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हे कबूल. पण मेसेज ते म्हणत नाही.)

आता 'वळसा'. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की रेघ सौदी, इजिप्त, मोरोक्कोवरून जाते. त्या रेघेने गेलात तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतात. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा, तो रशिया, फिनलंड, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो आणि भरतो साडेबारा हजार. पट्टीचा रस्ताच दीड हजारावर किलोमीटरने लांबचा. नेहमीचा सपाट नकाशा उत्तरेचा भाग ताणून दाखवतो, म्हणून आखूड वाट वाकडी दिसते.

समुद्राची भीती म्हणाल, तर याही वाटेवर अटलांटिक ओलांडावाच लागतो.

खरे वळसे वेगळेच. वाऱ्याचा फायदा घ्यायला परतीचं विमान बरेचदा दक्षिणेकडची वाट धरतं. दुसरा वळसा राजकारणाचा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना त्यानंतर इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं.