फुलबागेतील समाधीपाशी नावांची भिंत हवी

दरवर्षी १८ जूनला ग्वाल्हेरच्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर फुले वाहिली जातात आणि शहरातील लष्कर नावाच्या भागातील आमच्यासारखी मराठी कुटुंबेही तिथे जातात. (इंग्रजांच्या बऱ्याच नोंदींत राणींच्या मृत्यूची तारीख १७ जून १८५८ आहे, शहराने १८ मानली आहे.) बाहेरून आलेल्यांची नजर प्रथम अश्वारूढ पुतळ्याकडे जाते. मी मात्र समाधीच्या बुटक्या चौथऱ्यापाशीच रेंगाळतो. कोटा-की-सराय येथे इंग्रजांच्या आठव्या हुसार घोडदळाशी झालेल्या चकमकीत राणी जबर जखमी झाल्या, आणि त्यांचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून बाबा गंगादासांच्या मठापाशी घाईघाईने अग्नी दिला गेला, असे इथे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. अशा जागी भव्य छत्री (घुमटाचे स्मारक) उभारली नाही, हे मला योग्यच वाटते.

तरीही या स्मारकाने त्या लढाईची हकीकत अधिक सांगावी, असे माझे ठाम मत आहे. राणींची सोबतीण मुंदर त्याच लढाईत पडली. मठाचे साधू शस्त्र घेऊन लढले, ही इथली परंपरा आहे. आणि मुरारच्या छावणीतील ग्वाल्हेर कंटिन्जंटचे, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचे, शिपाई तर १४ जून १८५७ लाच इंग्रजांविरुद्ध उठले होते.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना अवघड जाणारा भागही तिथे लिहिला जावा. १ जून १८५८ ला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे हे बंडवाल्यांचे नेते तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या सैन्यावर चालून गेले, तेव्हा त्यांचीच बहुतेक फौज पलीकडे जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याला निघून गेले. पुढे १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शिंद्यांना दिली आणि १८८६ मध्ये ती परत घेऊन बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला दिला. ज्या झाशीसाठी राणी लढल्या, ती पंचवीस वर्षे शिंद्यांच्या दरबाराच्या ताब्यात होती, हे समाधीसमोर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाला कळले पाहिजे.

रचनेबद्दल मला एवढेच सुचवायचे आहे की पुतळ्याशी उंचीची स्पर्धा करणारे काहीही उभारू नये. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटच्या एकेका पाटीवर एकेका हुतात्म्याचे नाव कोरले आहे. त्याच धर्तीवर झाडांच्या सावलीत, चौथऱ्याहून उंच न जाणारी, इथल्याच वालुकाश्माची एक भिंत पुरेल. तीवर हिंदी, उर्दू आणि मराठीत मजकूर असावा, अक्षरे दहा वर्षांच्या मुलाला उभ्याने वाचता येतील एवढ्या उंचीवर असावीत, आणि ज्या शिपायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी त्यांच्या पलटणींची नावे कोरावीत.